भरतवाक्यातील राजाचे नाव

संस्कृत नाटकाच्या अभ्यासकांना 'मुद्राराक्षसा'च्या भरतवाक्याचा प्रश्न नव्याने सांगण्याचे कारण नाही. नाटक संपताना राक्षसाच्या तोंडी जो आशीर्वादपर श्लोक येतो, त्यात पृथ्वीचे रक्षण करणाऱ्या राजाचा नामोल्लेख आहे. आणि तो सर्व हस्तलिखितांत एकसारखा नाही. कुठे चंद्रगुप्त, कुठे अवंतिवर्मा, कुठे दंतिवर्मा, तर कुठे रंतिवर्मा. काशीनाथ त्र्यंबक तेलंगांपासून पुढच्या अनेक पंडितांनी या पाठभेदाच्या आधारे विशाखदत्ताचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. कालनिर्णयाचा तो वाद मिटलेला नाही, आणि तो मिटविणे हा येथे उद्देशही नाही. मला त्या वादापेक्षा त्याच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट अधिक बोलकी वाटत आली आहे. ती अशी की, नाटकाच्या अखेरीस एक जागा राखून ठेवलेली होती. श्लोक तोच, वृत्त तेच, वराहरूपी विष्णूने उचललेली पृथ्वीही तीच. त्या जागेवर बसणारे नाव तेवढे बदलत गेले.

या राखीव जागेचा विचार ज्या कृतीच्या निमित्ताने मला वर्षानुवर्षे करावा लागला, ती कृती संस्कृत नाही आणि नाटकही नाही. ती आहे प्योत्र इल्यिच चायकोव्हस्की (१८४०–१८९३) या रशियन संगीतरचनाकाराची '१८१२ साल' या नावाची समारंभी ओव्हर्चर. पाश्चात्त्य संगीताशी ज्यांचा फारसा परिचय नाही, त्यांनीही तिच्यातील तोफा आणि घंटा कुठे ना कुठे ऐकलेल्या असतात. 'ओव्हर्चर'ला मराठीत नांदी म्हटले तर गैर होणार नाही; ऑपेरा सुरू होण्यापूर्वी वाद्यवृंदाने वाजवावयाचा तो आरंभखंड. एकोणिसाव्या शतकात ऑपेराशी संबंध नसलेल्या स्वतंत्र ओव्हर्चरही रचल्या जाऊ लागल्या. म्हणजे नाटकावाचूनची नांदी. चायकोव्हस्कीच्या या नांदीला नाटक नाही, परंतु भरतवाक्य मात्र आहे; आणि त्या भरतवाक्यातील राजाचे नाव एकदा बदलले गेले आहे.

हा बदल मला प्रथम कळला तो ग्रंथांतून नव्हे. माझे मामा सोलापुरात एका गिरणीत कारकून होते आणि डाव्या चळवळीतील कार्यकर्ते होते. त्या काळी सोविएत पुस्तकांची प्रदर्शने गावोगाव भरत. त्यांत मराठीत भाषांतरित झालेल्या कथा-कादंबऱ्या अत्यल्प किमतीत मिळत, आणि कधीकधी 'मेलोदिया' या सोविएत कंपनीच्या ध्वनिमुद्रिकाही. मामांनी अशीच एक तबकडी आणली होती. वेष्टनावरचे रशियन त्यांना वाचता येत नव्हते. '१८१२' हा आकडा मात्र कळत होता, आणि नेपोलियनचा पराभव ही हकीगत त्यांना तोंडपाठ होती. रविवारी दुपारी ते ही तबकडी लावीत आणि शेवटाकडे येताच मला म्हणत, "आता ऐक, इथे जनता जिंकते." आठ-नऊ वर्षांच्या वयात जनता म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, परंतु घंटानादातून वर येणारी ती भारदस्त चाल माझ्या कानात पक्की बसली.

पुढे पीएच.डी.च्या संशोधनासाठी एका ग्रंथालयाच्या श्रवणकक्षात बसून मी हीच रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मुद्रणात ऐकली. आरंभ तोच, मध्य तोच, तोफाही त्याच जागी. शेवटी मात्र भलतीच चाल उमटली. मी स्वरलिपी मागविली. स्वरलिपीत जे छापले होते ते या दुसऱ्या मुद्रणाशी जुळणारे होते. चायकोव्हस्कीने अखेरीस योजलेली चाल 'देव झारचे रक्षण करो' या झारशाहीच्या राष्ट्रगीताची होती. १९१७ च्या क्रांतीनंतर ते गीत रशियात उघडपणे वाजविणे अशक्य झाले. तेव्हा व्हिसारियोन शेबालिन या संगीतरचनाकाराने सोविएत श्रोत्यांसाठी या रचनेचे संस्करण केले आणि राष्ट्रगीताच्या जागी ग्लिंकाच्या 'इव्हान सुसानिन' या ऑपेरातील अखेरचे गौरवगान बसविले. मामांच्या तबकडीत जिंकणारी जनता ती हीच.

येथवर गोष्ट सरळ दिसते: झारचे नाव खोडले, जनतेचे घातले. परंतु ग्लिंकाचा तो ऑपेरा १८३६ साली प्रथम रंगभूमीवर आला, तेव्हा त्याचे नाव 'झारसाठी प्राणार्पण' असे होते. सतराव्या शतकाच्या आरंभी सुसानिन नावाच्या शेतकऱ्याने आपले प्राण देऊन तरुण मिखाइल रोमानोव्हला पोलिश सैनिकांपासून वाचविले, अशी त्याची कथा. आणि त्यातील अखेरचे समूहगान हे मुळात झारचेच गौरवगान. १९३९ साली कवी गोरोदेत्स्की यांनी लिहिलेल्या नव्या संहितेसह हा ऑपेरा 'इव्हान सुसानिन' या नावाने पुन्हा उभा राहिला, आणि झारच्या ठिकाणी मातृभूमी आली. म्हणजे एका कृतीतील राजा झाकण्यासाठी जे वस्त्र आणले, त्याच्याही आत एक राजा होताच. त्याला आधीच झाकलेले होते, एवढेच. पाठचिकित्सकाला आनंद व्हावा असे हे प्रकरण आहे. मला तो झालाही. परंतु त्याबरोबरच मामांच्या त्या रविवारच्या दुपारींचे काय करावयाचे, हा प्रश्न उरला. सुट्टीत घरी गेले असता मी त्यांना सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे खरं गाणं झारचं होतं तर. मग आपल्या तबकडीतलं खोटंच बरं." मामा आता हयात नाहीत. मूळ पाठ आणि बरा पाठ यांत निवड करण्याची त्यांची ती पद्धत शास्त्रशुद्ध नव्हती. तथापि ती पूर्णपणे नाकारणे मला अद्याप साधलेले नाही.

या रचनेचा जन्म कसा झाला, हे पाहिले म्हणजे राखीव जागेची कल्पना अधिक स्पष्ट होते. १८८० साली मॉस्कोतील संगीतविद्यालयाचा प्रमुख आणि चायकोव्हस्कीचा मित्र निकोलाय रुबिनस्टाइन याने त्याला एखादी समारंभी रचना करण्यास सुचविले. निमित्ते एकाहून अधिक होती. मॉस्कोत अखिल रशियन औद्योगिक व कला प्रदर्शन भरावयाचे होते. झार दुसरा अलेक्झांडर याच्या राज्याभिषेकाला १८८१ साली पंचवीस वर्षे पूर्ण होणार होती. आणि १८१२ च्या विजयाचे स्मारक म्हणून बांधले जात असलेले ख्रिस्त तारणहाराचे महामंदिर पूर्णत्वास येत होते. यांपैकी कोणत्याही निमित्ताविषयी चायकोव्हस्कीच्या मनात उमाळा नव्हता. तरी त्याने काम स्वीकारले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १८८० मध्ये अवघ्या काही आठवड्यांत ते हातावेगळे केले. आपली आश्रयदात्री नादेज्दा फॉन मेक हिला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट कळविले की, ही ओव्हर्चर फार मोठ्या आवाजाची व गोंगाटाची होणार आहे, ती आपण प्रेमाच्या उबेने लिहिलेली नाही, आणि म्हणून तिच्यात कलात्मक गुण बहुधा असणार नाहीत. त्याच दिवसांत त्याने तंतुवाद्यांसाठी 'सेरेनेड' रचली होती. ती मात्र आतून आली, असे त्याच पत्रात त्याने म्हटले.

पुढचा भाग नियतीने लिहिल्यासारखा आहे. मार्च १८८१ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरची बाँब टाकून हत्या झाली. त्याच महिन्यात रुबिनस्टाइन पॅरिसमध्ये मरण पावला. प्रदर्शन एक वर्ष पुढे गेले. २० ऑगस्ट १८८२ रोजी, इप्पोलित अल्तानी याच्या संचालनाखाली ही रचना प्रथम वाजली, तेव्हा ज्याचा गौरव व्हावयाचा तो राजा आणि ज्याने सांगितले तो मित्र, दोघेही जगात नव्हते. भरतवाक्यातील नाव हस्तलिखिते बदलतात तेव्हा बदलते, अशी आपली समजूत. येथे ते पहिल्या प्रयोगापूर्वीच बदलले होते. 'देव झारचे रक्षण करो' ही चाल तीच राहिली, झार मात्र दुसरा होता.

आता रचनेच्या अंतरंगाकडे वळू. तिच्यात युद्ध उभे राहते ते दोन राष्ट्रगीतांच्या झगड्यातून. आक्रमण करणाऱ्या फ्रेंचांची खूण म्हणून 'मार्सेयेझ', आणि विजयी रशियाची खूण म्हणून झारचे गीत. ऐकताना हा झगडा इतका स्वाभाविक वाटतो की त्यातील कालविपर्यास लक्षातच येत नाही. 'मार्सेयेझ' हे १७९२ चे क्रांतिगीत. नेपोलियन सम्राट झाल्यावर या गीताला राजदरबारी स्थान उरले नव्हते. १८१२ साली मॉस्कोवर चालून आलेले सैन्य हे त्या गीताचे सैन्य नव्हते. दुसऱ्या बाजूला झारचे राष्ट्रगीत हे अलेक्सेय ल्व्होव्ह याने १८३३ साली रचले, म्हणजे युद्धानंतर दोन दशकांहून अधिक काळाने. तेव्हा १८१२ मध्ये यांपैकी एकही गीत रणांगणावर राष्ट्रगीत म्हणून आमनेसामने आलेले नाही. परंतु फ्रान्सने 'मार्सेयेझ'ला पुन्हा राष्ट्रगीताचा दर्जा दिला तो १८७९ साली. चायकोव्हस्कीने लेखणी उचलण्याच्या आदल्याच वर्षी. एवढे ध्यानात घेतले की गूढ उकलते. '१८१२' ही १८१२ ची आठवण नसून १८८० ने १८१२ मध्ये पाहिलेले आपले प्रतिबिंब आहे. हे एका संगीतकाराचे अज्ञान नव्हे; स्मारकाचा तो धर्मच आहे. आपल्या बखरींत पूर्वीच्या शतकातील पुरुष लेखकाच्या शतकातील भाषा बोलतात, त्यांतलाच हा प्रकार.

प्रत्यक्ष १८१२ मात्र इतके सुटसुटीत नव्हते. ७ सप्टेंबर रोजी बोरोदिनोच्या मैदानावर एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून ७०,००० च्या आसपास सैनिक मारले गेले वा जखमी झाले, आणि सायंकाळी विजय कोणाचा हे निर्विवादपणे सांगता येत नव्हते. कुतुझोव्हने माघार घेतली. १४ सप्टेंबरला नेपोलियन मॉस्कोत शिरला. शहर पेटले आणि त्याचा बहुतांश भाग जळून गेला. मागे राहिलेल्या जखमींपैकी अनेकांना त्या आगीतून बाहेर काढणारे कोणी नव्हते. १९ ऑक्टोबरला फ्रेंच सैन्य परत फिरले आणि उपासमार, थंडी व पाठलाग यांत त्याचा बहुतेक अंश नष्ट झाला. तोल्स्तोयने १८६७ साली बोरोदिनोचे मैदान स्वतः पायाखाली घातले आणि 'युद्ध आणि शांती'मध्ये हे सारे अशा रीतीने मांडले की, विजयाचे श्रेय कोणत्याही एका राजाच्या वा सेनापतीच्या नावावर जमा करणे वाचकाला अवघड व्हावे. तेरा वर्षांनंतर चायकोव्हस्की त्याच घटनेवर पंधरा-सोळा मिनिटांची रचना करतो आणि श्रेयाची नोंद पुन्हा ठरलेल्या खात्यावर करतो. एकाच विषयावरील दोन कृतींतील हे अंतर दोन प्रतिभांमधील आहेच. परंतु आदेशावाचून लिहिलेले आणि आदेशावरून लिहिलेले यांतीलही ते अंतर आहे.

मग ही कृती आदेशाची आणि गोंगाटाची म्हणून बाजूला ठेवावी काय? तसे करणे मला कधी जमले नाही, ते तिच्या आरंभामुळे. तोफांची ही रचना सुरू होते ती चार चेलो आणि दोन व्हियोला यांच्या अगदी संथ, दबक्या स्वरांत. चाल आहे ऑर्थोडॉक्स चर्चमधील एका प्रार्थनेची: प्रभो, तुझ्या लोकांना तार. संकट दाराशी आले आहे आणि माणसे देवळात जमली आहेत, एवढेच त्या सहा वाद्यांतून कळते. मध्यावर एक लोकगीत येते, दाराशी घातलेल्या फेराचे. त्यात युद्धाचा मागमूस नाही, उलट युद्ध ज्या घरांवर येते त्या घरांचा मोकळेपणा आहे. या दोन जागी चायकोव्हस्की स्वतःच्या पत्राला खोटे पाडतो, असे मला वाटते.

परंतु पाठचिकित्सा येथेही पाठ सोडीत नाही. या प्रार्थनेच्या शब्दांत लोकांना तारण्याच्या याचनेपुढेच राजाला शत्रूंवर विजय दे अशी याचना आहे. मूळ ग्रीक पाठात शत्रूंसाठी जो शब्द आहे तो 'बर्बर'. संस्कृतच्या अभ्यासकांना त्याची ओळख करून द्यावयास नको. 'मुद्राराक्षसा'च्या भरतवाक्यात म्लेच्छांनी पीडिलेली पृथ्वी राजाच्या बाहूंचा आश्रय घेते. बायझंटियमच्या प्रार्थनेत राजा बर्बरांवर जय मिळवितो. रशियात ही प्रार्थना म्हणताना राज्यावर असलेल्या सम्राटाचे नाव त्या जागी घेतले जाई. म्हणजे तेथेही ती राखीव जागा होतीच. चायकोव्हस्कीच्या रचनेत मात्र वाद्ये आहेत, शब्द नाहीत. त्यामुळे नावाची जागा आपोआप रिकामी राहिली, आणि सोविएत काळात शेवटचे राष्ट्रगीत गेले तरी आरंभीची प्रार्थना मुकेपणाने वाचली. ज्याला शब्द नसतात त्याला खोडावयासही काही नसते. मामा देवाधर्माला न मानणारे. त्यांच्या तबकडीवर ती प्रार्थना दर रविवारी होत असे.

नाव बदलण्याचा हा खेळ रशियातच थांबला, असे नाही. १९७४ पासून अमेरिकेत बॉस्टन येथे चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनी ही रचना तोफा आणि आतषबाजीसह वाजविण्याची प्रथा पडली. तेथे झारही नाही आणि सोविएत जनताही नाही. गौरव होतो तो ऐकणाऱ्यांचा. १९७९ साली निघालेल्या एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, यातील तोफांमुळे आपले ध्वनिक्षेपक बिघडू शकतील, अशी सूचना छापली होती. विजयाची कृती यंत्राच्या क्षमतेची कसोटी बनली होती. ज्या महामंदिराच्या निमित्ताने ही रचना सुचविली गेली, त्याची कहाणी तर याहून विलक्षण. पहिल्या अलेक्झांडरने डिसेंबर १८१२ मध्ये त्याचा संकल्प सोडला, प्रत्यक्ष बांधकाम १८३९ मध्ये सुरू झाले आणि १८८३ मध्ये ते पूजेसाठी खुले झाले. ५ डिसेंबर १९३१ रोजी स्तालिनच्या राजवटीत ते सुरुंग लावून उडविण्यात आले. त्या जागी उभारावयाचा सोविएतांचा प्रासाद कधी झाला नाही. खोदलेल्या खड्ड्यात पुढे पोहण्याचा तलाव झाला. सोविएत संघ संपल्यावर ते मंदिर पुन्हा बांधले गेले आणि ऑगस्ट २००० मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. ओव्हर्चरमध्ये झारचे गीत परत आले तेही याच सुमाराच्या वाऱ्यांबरोबर.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. रशियाच्या एका विजयाचे स्मारक मराठीतही आहे: अण्णा भाऊ साठे यांचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कामगारवस्तीतील श्रोत्यांपुढे हा पोवाडा उभा राहिला. अज्ञानदासाने अफझलखानवधाचा पोवाडा जिजाबाईंच्या इच्छेवरून रचला, अशी आपली परंपरा सांगते. अण्णा भाऊंना कोणत्याही दरबाराचा आदेश नव्हता. व्होल्गाकाठच्या त्या लोकांचे जगणे-मरणे आपले म्हणून त्यांनी उचलले. १९६१ साली ते रशियास गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला; त्याच १९६१ सालाच्या अखेरीस स्तालिनग्रादचे नाव बदलून व्होल्गोग्राद करण्यात आले. नकाशावरून राजा गेला. पोवाड्याच्या शीर्षकात तो राहिला. आज तो पोवाडा वाचताना आपण त्या नावापाशी थबकतो आणि तरीही त्याच्या पलीकडे जातो, कारण त्याचे काळीज नावात नाही, वेढल्या गेलेल्या शहरात आहे.

माझी मांडणी साधारणपणे येथवर येऊन थांबत असे: राजाचे नाव हा स्मारककृतीतील बदलता अंश, आणि लोकांची याचना हा टिकाऊ अंश. २०२२ च्या वसंत सत्रात उत्तर भारतातील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी हाच विषय शिकवीत होते. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा तो वर्ग. मलयाळम, असमिया, ओडिया, पंजाबी, हिंदी अशा निरनिराळ्या साहित्यांतून आलेले विद्यार्थी. दोन्ही शेवट ऐकवावयाचे आणि पाठभेदाची चर्चा करावयाची, असे ठरले होते. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होण्यापूर्वी केरळमधील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचा धाकटा भाऊ खार्किव्ह येथे वैद्यकशास्त्र शिकत होता आणि चार दिवस एका तळघरात होता. ती एवढेच म्हणाली, "मॅम, आज तोफा नकोत." मी त्या दिवशी काहीच वाजविले नाही. मार्चमध्ये ब्रिटनमधील कार्डिफ येथील वाद्यवृंदाने आपल्या नियोजित कार्यक्रमातून ही रचना वगळल्याची बातमी आली आणि त्यावर वर्तमानपत्रांत वादही झाला. आमच्या विभागातही कोणी विचारले, हा घटक अभ्यासक्रमातून काढावा काय. मी तेव्हा एक गोष्ट पुढे ठेवली, आणि ती आजही महत्त्वाची मानते: रशियाच्या विजयाची ही रचना चायकोव्हस्कीने लिहिली ती आपल्या बहिणीच्या घरी, कामेन्का या गावी, आणि ते गाव आजच्या युक्रेनमध्ये आहे. ही कृती कोणाची, या प्रश्नाला पासपोर्टसारखे एका शब्दाचे उत्तर नाही.

त्या विद्यार्थिनीचा भाऊ पोलंडच्या सीमेवरून सुखरूप परतला. सत्र संपण्याच्या सुमारास तिनेच दोन्ही शेवट ऐकण्याची इच्छा व्यक्त केली. आम्ही प्रथम स्वरलिपीबरहुकूम असलेले मुद्रण ऐकले, मग सोविएत. चर्चा बरीच झाली; झार की जनता, मूळ की संस्करण. ती अखेरपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "मॅम, गाणं बदललं, तोफा मात्र दोन्हीकडे तेवढ्याच आहेत." खरोखरच, चायकोव्हस्कीच्या स्वरलिपीत तोफांच्या सोळा आवाजांची जागा नेमून दिलेली आहे, पाच 'मार्सेयेझ'विरुद्ध झुंजताना आणि अकरा अखेरच्या जल्लोषात. झार असो, सुसानिन असो वा बॉस्टनची आतषबाजी असो, त्या आकड्याला कोणीही हात लावण्याचे कारण नव्हते.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुखटणकरांनी जे तत्त्व अनुसरले, ते येथे आठवते. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या पाठपरंपरा जेथे एकमताने जुळतात, तेथे संहितेचा प्राचीन गाभा आढळण्याचा संभव अधिक. आपली नजर स्वभावतः पाठभेदांकडे जाते, कारण वाद तेथे असतो, राजा तेथे असतो. त्या मुलीची नजर जेथे सर्व पाठ जुळतात तेथे गेली, आणि तेथे तिला दोन गोष्टी सापडल्या. आरंभीची प्रार्थना सर्व पाठांत आहे. तोफाही सर्व पाठांत आहेत. पहिलीविषयी मी अनेक वर्षे बोलत आले होते. दुसरी तिने जोडली. विजयाचे स्मारक हे ज्यांना तारण हवे होते त्यांच्या याचनेने सुरू होते आणि ज्यांच्यापासून तारण हवे त्याच आवाजाने संपते. मध्ये कोणाचे नाव घालावयाचे, एवढाच अधिकार राजवटींना उरतो.

तथापि यावरून आदेशावरून लिहिलेल्या कृती वर्ज्य ठरवाव्यात, असा निष्कर्ष मी काढीत नाही. राजाश्रयाखाली वा राजाच्या नावाने लिहिलेले सारे वगळले, तर आपल्या कोणत्याही भाषेच्या वाङ्मयेतिहासात काय शिल्लक राहील, याचा हिशेब प्रत्येक अभ्यासकाने आपापल्या भाषेपुरता करून पाहावा. प्रशस्ती, रासो, पोवाडे, काव्यांची आश्रयदात्यांना वाहिलेली मंगलाचरणे, एवढी यादीसुद्धा पुरेशी बोलकी आहे. 'सेरेनेड' प्रेमाने लिहिली गेली आणि ती सुंदर आहे. तिच्यात कोणाही राजासाठी जागा नाही, म्हणून तिच्यावर भांडणही नाही. '१८१२'वर भांडण होते, कारण तिच्यात आपण सारे आपापल्या राजांसह येऊन बसलो आहोत. अशी कृती शिकविताना निर्णय ऐकणाऱ्यावर सोडून मोकळे होता येत नाही. ती केव्हा वाजवावी आणि केव्हा वाजवू नये, हेही अध्यापनच होय. २०२२ च्या त्या सत्रानंतरही मी हा घटक शिकविते. दोन्ही शेवट ऐकविते. मात्र आता पाठभेदांच्या तक्त्यात पूर्वी नसलेली एक ओळ मी फळ्यावर लिहिते: 'सर्व पाठांत समान.' तिच्यापुढे काय लिहावयाचे, ते प्रत्येक वर्षी वर्गाने ठरवावयाचे असते.